ट्रॅक डेसाठी रोजच्या गाडीचे ब्रेक : मोठं किट घ्यावं का पॅड आणि ऑइलवर भागेल?

चौथा_गिअर (सातारा)
नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय मॅन्युअल. रोजचं चालवणं म्हणजे गोडोली ते एमआयडीसी, सुट्टीला आईबाबांना घेऊन कास नायतर वाईवरनं पाचगणी, आणि अधनंमधनं एखादा ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी फिरवायचा दिवस). ट्रॅक म्हणजे कोइम्बतूरचा करी, गाडी इथनं चालवत न्यायची, तिथं फिरवायची आणि तीच चालवत परत आणायची, ट्रेलर वगैरे काय नाय. पुढं व्हेंटिलेटेड (आतनं हवा खेळणारी) डिस्क, मागं ड्रम, सगळं कंपनीचंच आहे. रस्त्यावर एक रुपयाची तक्रार नाही, पण ट्रॅकवर चार-पाच राऊंड जोरात मारले की ब्रेकवरचा भरवसा जातो. एका दुकानात विचारलं तर त्यांनी थेट चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), मोठी डिस्क, ब्रेडेड होज (ऑइलच्या तारेच्या जाळीच्या नळ्या) असं सगळं किट सांगितलं, ते बसवायचं तर रिमचं माप पण बघावं लागणार. एवढे पैसे घालायचे तर आधी नीट समजून घ्यावं म्हणून धागा काढला. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाय.

कुपवाडचा_लेथवाला (सांगली)
भावा, किटचं नंतर बघू. आधी सांग, भरवसा जातो म्हणजे नक्की काय होतं? पेडल कडक राहतं, पाय रोवून दाबतोयस पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, असं? का पेडलच मऊ पडून खाली जातं? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे. ह्याचं उत्तर आल्याशिवाय जो कोण तुला पार्ट विकतोय त्याचं ऐकू नको.

चौथा_गिअर (सातारा)
मऊ पडतं दादा. पहिले दोन राऊंड मस्त, नंतर पेडल हळूहळू लांब व्हायला लागतं, दोनदा दाबलं की परत वर येतं. पिटमध्ये येऊन थांबलं की उलट अजून मऊ झालेलं असतं, आणि गार झाल्यावर बऱ्यापैकी ठीक. ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या पावत्यांमध्ये शोधतोय, अजून तरी सापडलं नाय.

कुपवाडचा_लेथवाला (सांगली)
मग तुझं ब्रेकचं ऑइल उकळतंय. नव्वद टक्के तरी हेच.

सविस्तर सांगतो. पॅड तापतात, पॅडची उष्णता पाठीमागच्या प्लेटमधनं पिस्टनला आणि पिस्टनकडनं ऑइलला जाते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून तू पेडल दाबतोस तेव्हा आधी ती वाफच चेपली जाते आणि कॅलिपरपर्यंत जोर पोचतच नाही. दोनदा दाबल्यावर वर येतं ते त्याच्यामुळंच. आणि पिटमध्ये थांबल्यावर जास्त मऊ का, तर गाडी थांबली की डिस्कवरनं वारा जायचा बंद होतो, तापलेल्या डिस्कची सगळी धग कॅलिपरमध्ये मुरते आणि जे ऑइल पळताना उकळलं नव्हतं ते उभं राहिल्यावर उकळतं. म्हणून शेवटचा राऊंड ब्रेक न वापरता सावकाश मारायचा असतो, तो नुसता शिष्टाचार नाय.

आता आकडे बघ, डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ३ ऑइल नवीन असताना कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ ला २३०, डॉट ५.१ ला २६०. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणजे जुनं झालेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही पन्नास अंश खाली. बहुतेक कंपन्या दोन वर्षांत बदला म्हणतात आणि आपल्याकडं ते कुणीच बदलत नाय, टाकीत लेव्हल दिसली की झालं. त्यात तुमच्या साताऱ्याकडं कास-महाबळेश्वरचा पाऊस.

ऑइल बदलून हवा काढताना चाकाजवळच्या निपलला (ऑइल सोडायच्या बारीक तोंडाला) पारदर्शक नळी लाव आणि बाटलीत सोड. पहिल्यांदा जे येईल ते बघ. चांगलं ऑइल फिकट पिवळं असतं, त्याच्यातनं पलीकडचं दिसतं. ट्रॅकवर भाजलेलं ऑइल काळपट चहासारखं येतं आणि पिस्टनजवळचं तर सगळ्यात काळं, कारण तिथलं ऑइल फिरत नाय, जागेवरच शिजतं. म्हणून टाकीतलं उपसून वरनं नवीन घातलं की काम झालं असं होत नाही, चारी चाकांतनं स्वच्छ येईपर्यंत काढायला लागतं.

मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं ऑइल नवीन असताना ३१२ अंशापर्यंत जातं आणि ते डॉट ४ च्या जागी चालतं, एबीएसलाही (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) अडचण नाय. फक्त डॉट ५ लिहिलेला डबा चुकून आणू नको, ते सिलिकॉनचं असतं, ह्याच्यात मिसळत नाय. डॉट ५ आणि डॉट ५.१ ची नावं सारखी दिसतात पण माल पूर्ण वेगळा आहे.

अजिंक्यतारा_११ (सातारा)
लेथवाले दादांचं ऑइलचं पटलं, पण मोठ्या ब्रेकनं फरक पडतच नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या गाडीला पुढं त्याच कंपनीच्या ग्रुपमधल्या मोठ्या गाडीची २८८ मिमी डिस्क आणि कॅलिपर घातलेत. पाय ठेवला की गाडी जागेवर बसते. खंबाटकी चढून पुढं उतरताना समोर अचानक कंटेनर आला तरी टेन्शन नाय. लका, इंजिनवर पैसे घालणारे लय बघितले, ब्रेकवर घालतोय त्याला कशाला अडवायचं?

वाईची_लेक (वाई, सध्या पुणे)
अजिंक्यतारा, ब्रेकवर पैसे घालायला कुणाचाच विरोध नाहीये, आधी कुठं घालायचे एवढाच विषय आहे.

मोठ्या डिस्कनं दोन गोष्टी मिळतात. एक, पॅड मध्यापासून लांब धरतं म्हणून तेवढ्याच जोरात जास्त टॉर्क मिळतो. समजा २५६ ची २८८ केली तर साधारण १२ टक्के. दोन, लोखंड जास्त म्हणून तेवढ्याच उष्णतेला तापमान कमी वाढतं. पहिली गोष्ट तुला पायाला जाणवते आणि म्हणून "जागेवर बसते" असं वाटतं. पण तुझी गाडी कंपनीच्या ब्रेकवर सुद्धा पूर्ण दाबली की एबीएस थरथरत होतं ना? मग टायरची पकड तिथंच संपलेली असते. त्याच्यापुढं कॅलिपर कितीही मोठा लावला तरी एका वेळच्या थांबण्याचं अंतर टायरच ठरवतो. कंटेनर अचानक आला तर तुला वाचवणार चांगले टायर आणि तू किती अंतर ठेवलंयस ते.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा तापल्यावर. हिशोब करून दाखवते. गाडी आणि चालक मिळून ११५० किलो धरा. रस्त्यावर ६० वरून शून्यावर यायला ब्रेकला सुमारे १६० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. ट्रॅकवर १४० वरून ६० वर यायला सुमारे ७१०. गाडी थांबलीसुद्धा नाही, फक्त हळू झाली, तरी साडेचार पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ह्यातली ७० टक्के पुढच्या चाकांना आली आणि डिस्क समजा ५ किलोची असली, तर एका ब्रेकला त्या डिस्कचं तापमान १०० अंशाच्या थोडं वरच वाढतं. एका राऊंडमध्ये असे तीन-चार ब्रेक, आणि मधल्या सरळ रस्त्यावर गार व्हायला मिळतात काही सेकंद. करीचा ट्रॅक २.१ किमीचा आहे, तिथं सरळ पट्टा संपला की लगेच पुढचं वळण. चेन्नईजवळचा ३.७ किमीचा आहे, तिथं वेग जास्त पण मध्ये वाराही जास्त लागतो.

आता घाट बघा. पाचगणीवरून वाईला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते, ती सगळी ऊर्जा जवळपास ६ हजार किलोज्यूल भरते. म्हणजे ट्रॅकवरच्या आठ-नऊ जोरदार ब्रेकइतकी. पण घाटात ती वीस मिनिटांत पसरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर बरीचशी इंजिनच खातं. ट्रॅकवर तेवढीच दोन-तीन राऊंडमध्ये येते. म्हणून पसरणी घाटात आयुष्यभर कधी न दमलेले ब्रेक ट्रॅकवर पाच मिनिटांत दमतात, त्यात गाडीचा दोष नाही.

माहुलीकर
ताईंनी घाटाचा हिशोब मांडला तो आमच्या जुन्या ट्रकवाल्यांच्या भाषेत एका ओळीचा आहे, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा केळघर उतरणारी पर्यटकांची गाडी मागनं ओळखू येते, वास येतो जळका. त्यांना सांगायला गेलं तर रागावतात, पण मी सांगतोच.

दुसरं, चौथा_गिअर, तू आईबाबांना नेणार म्हणतोस म्हणून कागदाचं पण बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलंय. पॅड, ऑइल बदलणं म्हणजे देखभाल, पण दुसऱ्या गाडीचे कॅलिपर लावले आणि पुढं काही झालं तर विमा कंपनीला निमित्त मिळतं. आणि ट्रॅकवरच्या नुकसानाचं तर विसरच, खासगी गाडीच्या पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग हे वापरातनं सरळ वगळलेलं असतं. पॉलिसीचा कागद काढून वाच एकदा.

हिरवा_झेंडा (मिरज)
पॅडवर कुणीच लिहीना म्हणून लिहितो, कारण माझ्या मते निम्मा खेळ तिथंच आहे. कंपनीचे पॅड शांत असतात, धूळ कमी, गार असताना लगेच पकडतात, पावसात पकडतात, डिस्क खात नाहीत. पण एका तापमानाच्या वर गेले की त्यातला बांधून धरणारा राळेचा भाग जळून वायू सुटायला लागतो आणि पॅड आणि डिस्कच्या मध्ये घसरण होते, तेव्हा पेडल दगडासारखं कडक पण गाडी पुढंच. लेथवाल्यांनी पहिला प्रकार म्हटला तो हाच. त्याच्या उलट अस्सल रेसचं पॅड, ते गरम झाल्याशिवाय जागंच होत नाही. थंडीत सकाळी सातला यवतेश्वरवरनं साताऱ्यात उतरताना पहिल्याच वळणाला म्हैस आडवी आली तर ते पॅड तुम्हाला अपेक्षेइतकं थांबवणार नाही. शिवाय किंचाळतात, काळी धूळ, डिस्क लवकर संपते. ज्यांच्या गाडीत घरची माणसं बसतात त्यांनी रोजच्याला असलं पॅड ठेवू नये, ह्यात मी तडजोड करत नाही.

मधला मार्ग म्हणजे रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे पॅड. फेरोडो डीएस २५००, ईबीसी येलोस्टफ ही त्या वर्गातली नावं. तुझ्या कॅलिपरच्या मापात मिळतात का ते आधी बघ. अजून एक पद्धत आहे, ट्रॅकचे पॅड डिकीत न्यायचे, तिथं पोचल्यावर बदलायचे, निघताना परत कंपनीचे घालायचे. काम सोपं आहे पण दोन वेगळ्या मसाल्यांचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून वापरले की डिस्कवरचा थर बिघडतो, मग थरथर येते. जमलं तर डिस्कचा पण वेगळा सेट ठेवावा, साध्या कंपनीच्या डिस्क काय फार महाग नसतात.

नवीन पॅड घातल्यावर ते बसवून घ्यायला विसरू नका. मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, ८० वरनं ३० वर असे आठ-दहा मध्यम जोराचे ब्रेक, गाडी पूर्ण थांबवायची नाही, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवत गार करायचं. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवला तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

कुपवाडचा_लेथवाला (सांगली)
हिरवा झेंडा भाऊंनी ठशाचं बोलले म्हणून माझ्या धंद्यातलं एक सांगतो. आठवड्याला कुणीतरी डिस्क घेऊन येतंय, "वाकडी झालीय, टर्निंग करून द्या". लेथवर बांधून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावला की बऱ्याचदा डिस्क सरळच निघते, नुसते पॅडचे ठसे असतात, कुठं जाड कुठं पातळ. नायतर मग हबवर (डिस्क आणि चाक बसतं त्या भागावर) गंज असतो. डिस्क बसवायच्या आधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं चकचकीत केला नाही तर गंजाची एक पापडी मध्ये अडकते आणि कडेला त्याचा परिणाम मोठा होऊन येतो. मागच्या आठवड्यात एक डिस्क अशीच परत पाठवली, हब घासून बसवा म्हटलं, थरथर गेली. टर्निंग केली असती तर उगाच लोखंड गेलं असतं. डिस्कच्या कडेला किंवा मध्ये कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या जवळ आली असेल तर ट्रॅकवर नेऊ नको, पातळ डिस्क तापते लवकर आणि तडकते पण.

भोकं पाडलेल्या डिस्कचा नाद करू नका. दिसायला भारी, पण जोरात तापायला लागल्या की भोकाच्या कडेपासनंच चिरा सुरू होतात. खाचांच्या चालतात. नवख्या माणसाला साधी व्हेंटिलेटेडच बरी.

आणि स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना! पाऊस झाल्यावर ह्या पिना धरतात, मग एकच पॅड जोर घेतं आणि तिरकं झिजतं. दोन्ही पॅड काढून शेजारी ठेव, झीज सारखी नसेल तर दुसरं काही घ्यायच्या आधी पिना साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लाव. साधं पिवळं ग्रीस नको, रबर फुगतं.

अजिंक्यतारा_११ (सातारा)
वाईच्या ताई, तुमचा टायरचा मुद्दा मान्य, एबीएस आधीपण लागत होतं हे खरंय. पण मग माझ्या सेटअपला तोटा काय?

वाईची_लेक (वाई, सध्या पुणे)
तोटा असेलच असं नाही, पण बघायला पाहिजे. पिस्टन मोठा झाला की तो हलवायला जास्त ऑइल लागतं आणि मास्टर सिलिंडर (पेडलनं ऑइल ढकलणारा पंप) तोच असतो, म्हणून पेडल लांब होतं. ५४ मिमीच्या जागी ५७ चा पिस्टन आला की क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढतं. पुढचा जोर वाढला आणि मागचे ड्रम तेवढेच, म्हणजे पुढची चाकं आधी हार मानणार आणि मागच्या चाकांचा वाटा वापरलाच जाणार नाही. एबीएस आणि मागं-पुढं वाटणी करणारी यंत्रणा कंपनीनं मूळ मापांवर बसवलेली असते. शिवाय चाकाशी वजन वाढतं, मोठ्या रिमला टायरची भिंत बुटकी होते, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत रिम वाकली तर तो खर्च वेगळा. तुझी डिस्क आणि कॅलिपर एकाच गाडीचे जोडीनं आलेत ते चांगलं आहे, चार दुकानांतून जमवलेल्या सुट्या भागांपेक्षा खूप बरं. एकदा मोकळ्या जागेत ओल्यावर हळू वेगात ब्रेक मारून बघ कुठली चाकं आधी धरतात.

हळदवाला (सांगली)
मध्येच विचारतो, ब्रेडेड होजचं काय? सगळे घाला म्हणतात.

हिरवा_झेंडा (मिरज)
हळदवाले, त्यानं ब्रेक गार राहत नाहीत आणि ऑइलचं उकळणं थांबत नाही. जुना रबरी होज दाबाखाली थोडा फुगतो, ब्रेडेड फुगत नाही म्हणून पेडल टणक लागतं, एवढाच फायदा. होज जुने, चिरा पडलेले असतील तर बदलायचेच, तेव्हा चांगल्या कंपनीचे ब्रेडेड घ्या. स्वस्तातले नकोत, कारण आतली नळी बाहेरनं दिसत नाही. चाक पूर्ण एका बाजूला वळवून होज कुठं घासत नाही ना ते बघूनच गाडी जॅकवरनं खाली घ्या.

चौथा_गिअर (सातारा)
मंडळी, पावती सापडली. गाडी घेतल्यापासनं ऑइल बदललेलंच नाय, नुसतं "तपासले" असं लिहिलंय. पुढचे पॅड काढून बघितले, कडा पांढरट पडल्यात आणि वरचा थर काचेसारखा चमकतोय. एका बाजूची खालची पिन हातानं हलत नव्हती. तर आता पिना, रेसिंगचं ऑइल, मधल्या वर्गाचे पॅड आणि कंपनीच्याच नवीन डिस्क एवढंच करतो. किटचे पैसे बाजूला ठेवतो, त्यातनं टायर. डिस्कमागचा पत्रा काढला तर वारा जास्त लागतो असं वाचलं, काढू का?

कुपवाडचा_लेथवाला (सांगली)
पत्रा काढू नको भावा. तो दगड आणि चिखल अडवतो, आणि उन्हाळ्यात पण आपल्या रस्त्यावर खडी उडतेच. हवाच द्यायची असेल तर बंपरच्या खालनं नळी काढून डिस्कच्या मध्यावर सोडायची, कडेवर नाय, कारण व्हेंटिलेटेड डिस्क मधनं हवा ओढून बाहेर फेकते. पण ते पुढच्या वर्षीचं काम. आधी ह्या चार गोष्टींवर फिरवून ये. कॅलिपरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटव, स्वस्त असतात, जेवढं तापमान गाठलं तिथपर्यंत त्या काळ्या होतात. परत आल्यावर पट्टी बघून ठरव, नुसत्या पायाच्या अंदाजावर नको. नवीन ऑइल आणि पॅडवर सुद्धा पट्टी पार वरपर्यंत काळी झाली आणि पॅड एका दिवसात संपले, तर मग तुला लोखंडच कमी पडतंय, तेव्हा मोठ्या डिस्कचा विषय काढू आणि मीच मापं काढून देतो.

वाईची_लेक (वाई, सध्या पुणे)
चालवण्याचं पण एक. ट्रॅकवर नवीन माणूस लांबून, हलका, खूप वेळ ब्रेक लावतो. ऊर्जा तेवढीच असली तरी पॅड डिस्कला जास्त वेळ चिकटून राहतं आणि मधला गार व्हायचा वेळ खाल्ला जातो. सरळ रेषेत जोरात, थोडा वेळ, आणि पूर्ण सोडायचं. तीन-चार जोरदार राऊंड झाले की एक सावकाश. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा.

चौथा_गिअर (सातारा)
नोंद केली ताई. शेवटची शंका, अर्धा लिटरचा ऑइलचा डबा फोडला आणि उरला तर पुढच्या ट्रॅक डेला तोच चालेल का?

हिरवा_झेंडा (मिरज)
नको. फोडलेल्या डब्यात हवा शिरली की पाणी ओढायला सुरुवात. मी छोटे सीलबंद डबे घेतो आणि एक न फोडलेला गाडीत ठेवतो, ट्रॅकवर पेडल मऊ पडलं तर तिथंच पुढच्या दोन चाकांची हवा काढता येते. निपलच्या मापाचा पाना आणि नळी पण सोबत घे, तिथं ऐनवेळी कुणाकडं मिळत नाही. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धू, रंग उचलतं ते.